भाव बोललात की माल तुमचा

परदेशातल्या बाजारात भाव करावा का, आणि करायचा तर किती, हे मागच्या अंकात तुम्हालाच विचारलं होतं. पत्रं बरीच आली. त्यातली जवळजवळ निम्मी ‘आम्हाला लुबाडलं’ अशा सुरातली आहेत आणि जवळजवळ तितकीच ‘आम्ही कसं पाडून घेतलं’ अशा. मला रस आहे तो या दोन्हींत न बसणाऱ्या पाच-सहा पत्रांत.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सहलींबरोबर फिरणं हा माझा धंदा. माणसं बसमधून बाजारात उतरवायची आणि ठरल्या वेळी मोजून परत बसमध्ये भरायची. पण त्याआधी मी कोल्हापुरात महाद्वार रोडवर, अण्णांच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून लहानाची मोठी झाले. त्यामुळे भाव करणारं गिऱ्हाईक दिसलं की माझी नजर आधी गल्ल्यावरच्या माणसाकडे जाते. हे आधीच सांगितलेलं बरं.

हनोईच्या जुन्या भागात सकाळी आठ-साडेआठला एका बाईकडे रेशमी स्कार्फ पाहिले. तिने तीन लाख डोंग सांगितले, मी एक लाख म्हणाले. होता होता ती दीड लाखावर आली, तेवढ्यात ह्यांनी हाक मारली आणि मी निघाले. मागे वळून बघते तर बाई कागद पेटवून दुकानासमोर ओवाळतेय! काही करणी-बिरणी तर नसेल ना?
(एक वाचक, नाशिक)

करणी नाही हो, दृष्ट काढली. तीही तुमची नाही, स्वतःच्या दुकानाची. तुम्ही तिची भवानी मोडलीत.

व्हिएतनाममध्ये दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘मऽ हांग’ म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक जसं, तसा दिवस जाणार, ही तिथली पक्की समजूत. पहिल्याच गिऱ्हाइकाने दहा वस्तू हाताळल्या, भाव पाडला आणि काहीच न घेता पाठ फिरवली, तर त्याची अवदसा दुकानात राहते. ती घालवायला कागद पेटवून फिरवायचा. चांद्र महिन्याचा पहिला दिवस असेल तर हे जास्तच कडक. सगळ्या दुकानांत चालतं असं नाही, तरुण पोरी हसण्यावारी नेतात. पण जुन्या बाजारातल्या वयस्कर बायका अजून मानतात.

आपल्याला यात नवल वाटायचं काही कारण नाही. अण्णा पहिल्या विक्रीची नोट कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकायचे, आणि भवानीच्या वेळी उधारी मागणाऱ्याकडे असे बघायचे की तो पुन्हा दुपारीच यायचा. बालीत विक्रेत्या बायका पहिली नोट घेऊन ती मांडलेल्या सगळ्या मालावरून टपटप फिरवतात. तुर्कस्तानात पहिल्या विक्रीला ‘सिफ्ताह’ म्हणतात, आणि ते पैसे जमिनीवर टाकून उचलायची किंवा हनुवटीला लावायची जुनी रीत आहे.

म्हणून सकाळी बाजार उघडताना जायचं ते घ्यायच्या तयारीने. तशी तयारी असेल तर ही वेळ उत्तम, कारण भवानी रिकामी जाऊ नये म्हणून बाई एरवीपेक्षा कमी नफ्यावर सोडते. (बालीच्या उबुडमध्ये ‘मॉर्निंग प्राइस’ ऐकवतात ती हीच. फक्त तिथे तुम्ही अकरा वाजता गेलात तरी सकाळच असते.) नुसतं बघायचं असेल तर दहानंतर जा, आणि हात पाठीशी ठेवा.

आता तुमच्या वागण्याबद्दल. तुम्ही एक म्हणालात, ती दीडवर होती. म्हणजे सौदा जुळला नव्हता. निघायचा हक्क तुम्हाला होता. ती तुमच्या एकावर आली असती आणि मग तुम्ही निघाला असता, तर मात्र कागद तुमच्याच नावाने पेटवला असता तरी मी तिच्या बाजूने बोलले असते. कितीला देतेस हे विचारण्यात काही बांधिलकी नाही. पण आपण आकडा बोललो आणि समोरच्याने तो घेतला, की माल आपला. मी हिंडलेल्या प्रत्येक बाजारात हा नियम आहे, आणि आपली मंडळी सगळ्यात जास्त मोडतात तोही हाच.

जाता जाता डोंगबद्दल. तीन लाख म्हणजे आपले साधारण हजार रुपये, तेव्हा लाखाने दचकू नका. तिथे बोलताना हजार गाळतात; बाई ‘थ्री हंड्रेड’ म्हणाली की तीन लाखच समजायचे. आणि 20 हजाराची नोट निळी, 5 लाखाचीही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात साठ-सत्तर रुपयांच्या वस्तूला दीड हजारावर रुपये देऊन येणारे लोक मी पाहिलेत. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. आणि पुन्हा गेलात तर आधी हांग गाय या रेशमाच्या रस्त्यावर एक चक्कर मारा. तिथल्या बऱ्याच दुकानांत भाव लिहिलेले असतात. घेऊ नका हवं तर, पण आकडे डोक्यात ठेवून मग बाजारात शिरा.

इस्तंबूलमध्ये आमच्या गाइडने गालिच्याच्या दुकानात नेलं. ॲपल टी पाजला, वीसेक गालिचे उलगडले. घ्यायचं नव्हतं, पण एवढं उलगडल्यावर लाज वाटली. एकाचे तीन हजार युरो सांगितले. ‘निम्म्याने मागावं’ असं सगळे म्हणतात म्हणून मी दीड हजार म्हटलं, तर तो लगेच हो म्हणाला! घेऊन आलो. आता रोज त्यावरून चालताना वाटतं, हजार म्हटलं असतं तर?
(एक वाचक, पुणे)

हजार म्हटलं असतं तर त्याने चहाचा आणखी एक पेला मागवला असता. ते राहू द्या. आकडा बोललात, त्याने घेतला, तुम्ही पैसे मोजलेत. व्यवहार म्हणून तुम्ही चोख वागलात, माझ्या बसमधल्या कितीतरी लोकांपेक्षा चोख.

आता तो निम्म्याचा नियम. इस्तंबूलचा ग्रँड बाजार, तिथले लोक त्याला ‘कापाली चार्शी’ म्हणजे छपराखालचा बाजार म्हणतात, पंधराव्या शतकाच्या मध्यावर सुलतान दुसऱ्या मेहमदाने सुरू केला. साठाच्या वर गल्ल्या आणि चारेक हजार दुकानं. साडेपाचशे वर्षं विकत आलेल्या लोकांच्या कानावर तुमचा निम्म्याचा नियम गेला नसेल असं वाटतं का? गिऱ्हाईक निम्म्याने मागणार हे कळल्या दिवशी दुकानदार दुपटीने सांगायला लागला. कुठे तिप्पट सांगतात, कुठे दहा टक्केच वर धरतात, आणि आता कित्येक दुकानांत भाव पक्का असतो. तिथे निम्मं म्हटलंत तर तो अपमान समजतो. सांगितलेल्या किमतीवरून आपला आकडा काढायचाच नाही. तीन दुकानं हिंडा, तशाच मापाच्या आणि तशाच विणीच्या मालाला काय सांगतात ते ऐका. मग दुकानाबाहेर उभं राहून स्वतःला विचारा: ही वस्तू घरी नेऊन मला कितीला परवडेल? तो तुमचा आकडा. त्याच्या थोडं खालून सुरुवात करा आणि तिथे पोचलात की थांबा. हे रविवारी करायला जाऊ नका, बाजार बंद असतो.

लाजेचं म्हणाल तर ती सोडा. उलगडणं हे त्या पोरांचं काम आहे, पगार त्याचाच मिळतो. आमच्याकडे एका ब्लाउजपीससाठी पन्नास साड्यांच्या घड्या मोडायला लावणाऱ्या बायका यायच्या आणि ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून जायच्या. अण्णा नमस्कार करून निरोप द्यायचे. गिऱ्हाईक दाराबाहेर गेलं की पुन्हा घड्या घालायच्या, त्यात राग कसला? चहाचंही तेच. तुर्की माणूस स्वतः कोरा काळा चहा पितो; तो गोड सफरचंदी चहा मुख्यतः पाहुण्यांसाठी. प्यावा, आवडला तर आणखी एक घ्यावा, त्याने तुम्ही बांधले जात नाही. आणि गाइड आपणहून दुकानात घेऊन जातो तिथे त्याचा वाटा असतो. तो तुमच्याच दीड हजारात होता. म्हणून मोठी खरेदी गाइडशिवाय, स्वतः शोधलेल्या दुकानात करावी. माझ्याच धंद्यातली माणसं यावर नाराज होतील, होऊ देत.

फसलात की नाही ते असं बघा. गालिचा उलटा करा. हाताने गाठी मारलेला असेल तर मागच्या बाजूलाही नक्षी जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते आणि एकेक गाठ मोजता येते. ओळी थोड्या वाकड्या असतात. टोकाच्या झालरीकडे नीट बघा. हातमागाच्या गालिच्यात झालर म्हणजे उभ्या ताण्याचीच टोकं, ती गालिच्याच्या आतून आलेली असतात. यंत्रावरच्या गालिच्याला झालर मागाहून शिवलेली असते, शिवण दिसते. रेशमाचा म्हणून दिला असेल तर झालरीतला एक धागा (फक्त एक!) उपटून पेटवा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कागद जळल्यासारखा वास आला तर ते कृत्रिम रेशीम. आमच्या दुकानात साडीचा व्यापारी आला की अण्णांची काडेपेटी आधी बाहेर यायची. झालर सुतीही असू शकते. तसं असेल तर धागा गालिच्याच्या लवेतून काढावा लागेल.

गालिचा हातचा निघाला आणि रोज बघून बरं वाटतं, तर हजाराचा विचार सोडा. यंत्राचा निघाला तर मला पुन्हा लिहा, तेव्हा दोघं मिळून गाइडला शिव्या घालू.

एक राहिलंच. कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत की लिरात, म्हणजे तुर्की चलनात? लिरात द्यावेत. रुपयाचं बटण दाबलं की बदलीचा दर ते मशीनवालेच ठरवतात, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो. घासाघीस करून वाचवलेलं तिथे निमूट देऊन यायचं नसेल तर हे बटण लक्षात ठेवा.

बँकॉकला निघून जाण्याचं नाटक केलं तर दुकानदार परत बोलावतो असं ऐकलंय. खरं का?
(एक विद्यार्थिनी, औरंगाबाद)

कधी खरं, कधी नाही. चातुचाक हा शनिवार-रविवारचा बाजार, त्यात 27 विभाग आणि बोळांचं असं जाळं की एकदा निघालात तर ते दुकान पुन्हा सापडणं कठीण. दुकानाचा क्रमांक टिपून ठेवा, मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून दिशा ओळखा. नाटक करायचं तर खरंच जायची तयारी ठेवून करा. परत बोलावून तुमच्याच भावाला दिलं तर घ्यायचं, मग ‘जरा विचार करते’ नाही.

तिथे आवाज चढवला की सौदा संपला. हसत ‘लोत दाय माय खा?’ म्हणजे ‘कमी होईल का?’ एवढंच विचारा. (पुरुषांनी शेवटी ‘खा’ऐवजी ‘ख्रप’ म्हणायचं.) बाई कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून पुढे करेल, तुम्ही तुमचा टाइप करा. भाषेची अडचण हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला तुमचा भाव ऐकू जात नाही. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबायचे, तसंच हे. एकाऐवजी तीन टी-शर्ट घेतलेत तर भाव सहज उतरतो. खायच्या गाड्यांवर मात्र घासाघीस करू नका, पाटीवरचा भाव तोच भाव.

दुबईत सोनं घ्यायचंय. देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये भाव करता येतो का?
(एक वाचक, ठाणे)

सोन्याचा नाही, घडणावळीचा. दर दुकानादुकानांत फलकावर लावलेला असतो आणि दिवसातून बदलतोही. त्या त्या वेळी तो सगळीकडे सारखाच. म्हणून ‘ग्रॅममागे किती सोडणार’ असं विचारलंत की समोरचा ओळखतो, पहिल्यांदा आलाय. मजुरीवर बोला. यंत्रावरच्या साखळीला मजुरी कमी, हातच्या नक्षीला आणि खड्यांच्या कामाला जास्त, आणि खाली यायला वावही तिथेच. चार दुकानांत तशाच वजनाच्या, तशाच कामाच्या दागिन्याची मजुरी विचारा. खडे असतील तर त्यांचं वजन वेगळं काढून मागा, नाहीतर काच सोन्याच्या भावाने घरी येते. बिलावर निव्वळ वजन, शुद्धता (22 कॅरट म्हणजे 916) आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. तिथे 5 टक्के व्हॅट लागतो. पर्यटकांना परतावा मिळतो, पण तो बिल करतानाच पासपोर्ट दाखवून मागायचा असतो.

काउंटरवरची मंडळी बहुतेक हिंदी समजतात, तेव्हा ‘हा चोर दिसतो’ वगैरे कुजबूज मराठीत करा. आणि मराठीही जपूनच.

‘बाईला चाळीस ग्रॅम आणता येतं’ हे वाक्य विमानतळावर मी अश्रूंसकट ऐकलंय. ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठ दिवस फिरून येणाऱ्याने ती आपली समजू नये. नियम बदलत असतात, निघायच्या आधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. घरचे जड दागिने घालून जाणार असाल तर जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून त्यांचा दाखला घ्या, म्हणजे येताना ते तिथेच घेतले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

सूकला जाताना खाडी ओलांडायला नाव आहे. भाडं एक दिरहॅम. माझ्या एका प्रवाशाने त्यातही कमी करून मागितलं होतं.

बालीत बायको म्हणते, गरीब माणसाशी घासाघीस करणं पाप आहे. मी म्हणतो, ती तिथली पद्धतच आहे. कोण बरोबर?
(एक वाचक, सांगली)

बाजारात तुम्ही, कारागिराच्या अंगणात बायको.

उबुडच्या बाजारात बसलेली बाई व्यापारी आहे. माल तिने दुसरीकडून ठोकमध्ये आणलाय, चार पैसे वर लावून ती विकते, आणि भाव करणारं गिऱ्हाईक तिला नवं नाही. तिला दया नको असते. आमच्या दुकानात कोणी ‘बिचारे, किती मेहनत करता’ म्हणून जास्तीचे पैसे ठेवले असते तर अण्णांनी ते हातावर परत ठेवले असते. पण मासच्या लाकूडकोरीव कामाच्या किंवा चेलुकच्या चांदीच्या गावात, जिथे हत्यार हातात धरलेला माणूस स्वतःची वस्तू पुढे करतो, तिथे दिवस किती लागले ते आधी विचारा. उत्तर ऐकून पुढे घासाघीस करायचं तोंड बहुधा होत नाही.

बाजारातही शेवटच्या पाच हजार रुपियावरून वीस मिनिटं अडून बसणारे दिसतात. पाच हजार रुपिया म्हणजे आपले पंचवीस-तीस रुपये. बाहेर गाडी, ड्रायव्हर आणि उरलेली पंधरा माणसं ताटकळत असतात. याला मी पद्धत म्हणणार नाही. हा हट्ट.

मी म्युनिकला असते. आई आली की व्हिक्टुआलिएनमार्क्टमध्ये फळं दाबून बघते आणि मग भाव करते. दुकानदार चिडतो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला कसं समजावू?
(एक वाचक, म्युनिक)

भाव करण्यापेक्षा दाबण्यानेच तो जास्त चिडतो. तिथे फळ आपण उचलायचं नसतं. बोट दाखवायचं, विकणारा निवडून देतो. ‘हात लावू नये’ अशा पाट्याही असतात, पण त्या जर्मनमध्ये. आईंना ही एक गोष्ट आधी सांगा. मंडईत आयुष्यभर भेंडी मोडून आणि टोमॅटो चाचपून घेतलेल्या बाईला हे पटायला वेळ लागेल. पटवू नका, नुसतं सांगा. लिहिलेला भाव तिथे पक्का असतो. शनिवारी बाजार उठायच्या वेळी नासणारा माल विकणारा आपणहूनच कमी करतो, तेव्हा त्यांना घेऊन जा. काही न मागता भाव उतरलेला बघून त्यांना बरं वाटेल.

आणि त्यांची हौस भागवायची असेल तर जुन्या वस्तूंच्या बाजारात न्या. जर्मन माणूस एरवी सेंटही सोडत नाही, पण फ्लोमार्क्टमध्ये आनंदाने घासाघीस करतो. एप्रिलमध्ये थेरेसिएनवीजवर वसंत जत्रा भरते, तिच्या पहिल्या शनिवारी रेडक्रॉसतर्फे त्याच मैदानावर प्रचंड मोठा बाजार लागतो. जाणते लोक पहाटे अंधारात टॉर्च घेऊन येतात. पितळी वस्तू, चिनी मातीच्या कपबश्या, लोकरीचे कोट, सगळं जमिनीवर पसरलेलं. सुटे युरो जवळ ठेवा. पन्नासची नोट पुढे करून ‘तीन घे’ म्हटलं तर तिथेही कोणी ऐकत नाही. भाषेची काळजी करू नका. कपबशी हातात घेऊन, तिचा उडालेला कान दाखवून, मान हलवणं आईंना येतं ना? मग झालं.